कोशिंबीर भागिले चार

परवा सुनेने विचारलं, "आई, सायीच्या दह्यातल्या काकडीच्या कोशिंबिरीत पोषण किती असतं हो?" तिला वजन उतरवायचं आहे, म्हणून ती हल्ली प्रत्येक पदार्थाची चौकशी करते. मी जरा जास्तच जोरात म्हणाले, "खाणाऱ्याच्या तोंडात जाईल तेवढं!" खरं तर मी तिच्यावर चिडले नव्हते. ज्यांच्यावर चिडायचं ती माणसं गेली, आता एक मी उरले आहे.

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा लिहून दिलेलं आहे. त्याला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. बक्षीसही मिळालं होतं. त्या मार्कांची आठवण झाली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही तंजावरकडचे मराठी. माझ्या जन्माआधीच अप्पा नोकरीसाठी मद्रासला आले आणि तिरुवल्लिकेणीत, देवळाच्या तळ्यामागच्या एका गल्लीत बिऱ्हाड झालं. घरात आम्ही चौघं: अप्पा, अम्मा, माझा मोठा भाऊ आणि मी. बोलायचो ते आमचं जुनं मराठी, त्यात तमिळ कालवलेलं. हे असं लिहायचं मराठी मी लग्न होऊन पुण्याला आल्यावर शिकले. पण अम्माचं बोलणं या मराठीत बसवायला गेलं की ती माझी अम्मा राहत नाही, म्हणून तिचं तिच्या बोलीतच ठेवते.

अप्पांच्या अंगात उष्णता फार, असं आमच्या घरात ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते माहीत नाही. मद्रासमध्ये उष्णता कुणाच्या अंगात नसते? पण ती अप्पांच्या अंगात होती आणि त्यासाठी बाराही महिने कोशिंबीर लागायची. सकाळी दारावर टोपली घेऊन बाई यायची, तिच्याकडून कोवळ्या काकड्या घ्यायच्या. काकडी किसायची नाही, विळीवर बारीक चोचवायची. हा अम्माचा कडक नियम. मग मीठ लावून ठेवायची आणि पिळून पाणी काढायचं. कल्चट्टीत, म्हणजे आमच्या दगडी भांड्यात, रात्री विरजलेलं दही असायचं. त्यावर सायीचा जाड थर. तो थर दह्यासकट, न मोडता उचलून काकडीत घालायचा, वर ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि मोहरी-हिंगाची फोडणी. कोशिंबीर इतकी दाट व्हायची की पानावर वाढली तर जागची हलत नसे.

आणि ते पिळून काढलेलं पाणी? ते अम्मा प्यायची. विटांच्या ओट्यावर आमची चूल होती, उभ्याने रांधायची. तिथेच उभी राहून ती ते खारट पाणी पेल्यातून पिऊन टाकायची आणि म्हणायची, "पोटास थंड." झालं, तिची कोशिंबीर संपली.

सव्वानऊला घरात केळीची पानं मांडली जायची. मद्रासच्या नोकरदारांचं खरं जेवण तेव्हाच, मग दिवसभर कचेरी. मांडायचं काम माझं. मी तीन पानं मांडायची: अप्पांचं, भावाचं आणि माझं. चौथं पान आमच्या घरात कधी मांडलंच गेलं नाही, कारण अम्मा अप्पांच्या पानावर जेवायची. नवरा उठला की त्याच्या उष्ट्या पानावर बायकोने बसायचं, अशी रीत. तिच्या आईने केलं, आजीने केलं. भात ती ताजा वाढून घ्यायची, ताकही घ्यायची. पण इतर जिनसा म्हणजे पानावर उरेल ते.

आता अप्पांचं पान कसं असायचं ते सांगते. अन्न टाकणं पाप, असं ते मानायचे. भाताचं शीत नाही, फोडणीतली मोहरी नाही, कढीलिंबाचं पानसुद्धा ते चावून खायचे. पाहुणे कौतुक करायचे, "अप्पांचं पान म्हणजे धुतल्यासारखं!" अप्पा खूष. ज्या पानाची गावभर तारीफ व्हायची, त्या पानावर माझी आई जेवायला बसायची. हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? माझ्याही आलं नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

वाटीत थोडी ठेवावी म्हटलं तर अम्मा म्हणायची, "कोशिंबिरीस पाणी सुटतें. ठेवून काय करायचें? घाल अप्पांस." आणि पळीने खरवडून त्यांच्या पानावर. त्याआधी भावाला आणि मला वाढून झालेलं असायचं. मीही खायची. मिटक्या मारत खायची.

त्या सुमारास अम्माचे पाय दुखायला लागले होते. कंबरेपासून खाली सगळंच. ती चालायची तेव्हा दोन्ही बाजूंना झुलायची. भाऊ तिला बदक म्हणायचा आणि ती हसायची. चाळिशी गाठली नव्हती तिने. तेव्हापासून विळीवर काकडी चोचवायला ती मलाच बसवायची. "तुझा हात बारीक आहे गे, मज तसें येत नाही," म्हणायची. मी फुशारून जायची.

मी तेव्हा मुलींच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकत होते. अन्नाचं पोषण हा माझा आवडता विषय. बाईंनी आम्हाला काम दिलं: आपल्या घरात आठवडाभर जे शिजतं ते तोलायचं, सरकारी पुस्तिकेतल्या कोष्टकावरून प्रत्येक जिन्नसाचं मोल काढायचं आणि माणशी किती पडतं ते मांडायचं. तमिळ आडी महिना होता, म्हणजे आपला आषाढ-श्रावण, घामाने वही ओली व्हायची. मी कॉलेजातून छोटा तराजू मागून आणला आणि अम्माच्या मागे मागे फिरले.

"सोनें तोलत्येस काय?" ती हसून म्हणाली.

"मार्क मिळतात अम्मा."

"मग तोल. पण लवकर. अप्पांस आफीसास उशीर होतो."

मी काकडी तोलली, साय तोलली, खोबरं तोललं. वहीतलं कोशिंबिरीचं पान मी सगळ्यात सजवून लिहिलं. काकडी म्हणजे बहुतेक पाणीच, थोडे क्षार, थोडा चोथा. सालीसकट घेतली तर जास्त चांगली. खरा ऐवज दह्यात. हाडांना लागणारं कॅल्शियम दह्यात, प्रथिनं दह्यात, सायीत स्निग्ध पदार्थ. कोथिंबिरीने जीवनसत्त्वं. पिळलेल्या पाण्यातही काही क्षार जातात, म्हणून ते फेकू नये, असं मी खाली टीप म्हणून लिहिलं. घरी येऊन अम्मालाही सांगितलं. तिला केवढा आनंद! "पाहिलेंस? मी उगीच नव्हत्यें पीत," म्हणाली. आईच्या वाट्याला आलेल्या खारट पाण्याला मी शास्त्राचा आधार काढून दिला. इतकी हुशार मुलगी होते मी.

मग आलं माणशी. रीत बाईंनीच दिलेली होती: शिजलेलं एकूण वजन घ्यायचं, उरलेलं वजा करायचं आणि माणसांत वाटायचं. बायकांचा हिस्सा पुरुषांपेक्षा थोडा कमी धरायचा, तेवढा मी धरला. घरात माणसं किती? चार. रोज सकाळी तीन पानं मांडणारी मीच, आणि संध्याकाळी वहीत भागिले चार करणारीही मीच. आठ दिवसांत एकदाही माझा हात अडखळला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे अंधारात बसलेली बाई मला रोज वाढत होती.

वहीत अम्माच्या नावाखाली सगळं पुरेसं भरलं. बाईंनी शेरा दिला, "आईचा आहार समाधानकारक."

पंधरा दिवसांनी मी अम्माला गल्लीच्या टोकाच्या लेडी डॉक्टरकडे नेलं. बाहेर बाकावर बायकांची ही गर्दी. डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं, "जेवण कसं आहे?"

"सगळं जेवते," अम्मा म्हणाली. तिला दुसरं काय सांगता येणार होतं?

आणि मी पिशवीतून वही काढली. कुणी मागितली नव्हती. मी उघडून त्यांच्यापुढे धरली आणि शेऱ्यावर बोट ठेवलं. कॅल्शियम पुरेसं आहे हे मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी आकडे पाहिले, माझ्याकडे पाहिलं, कौतुकाने मान हलवली. "मग खाण्यात काही कमी नाही. वात असेल. तेल चोळा, कामं थोडी कमी करा."

वात म्हटल्यावर अम्माला सगळं समजलं. वाताला थंड चालत नाही. काकडी थंड, दही थंड, ताक थंड. दुसऱ्या दिवसापासून तिने पाणी पिणं सोडलं आणि भातावरचं ताकही सोडलं. एवढं काय ते तिच्या पोटात जात होतं, ते माझ्या वहीने बंद केलं. कोशिंबीर मात्र रोज होत राहिली. अप्पांच्या उष्णतेला वात नव्हता.

पोंगलच्या आधी कॉलेजात प्रदर्शन भरलं. बाईंनी माझ्या वहीचा मोठा तक्ता करून भिंतीवर लावायला सांगितला होता. मी चार चित्रं काढली: अप्पा कोटात, भाऊ पुस्तक घेऊन, मी दोन वेण्यांत आणि अम्मा नऊवारीत. प्रत्येकाच्या हातात कोशिंबिरीची वाटी, खाली इंग्रजीत आकडे. माझ्या तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं: स्टेनलेस स्टीलची एक वाटी. तेव्हा घरोघरी पितळ, त्यामुळे स्टीलचं अप्रूप होतं.

अम्माला घेऊन भाऊ सायकलरिक्षाने आला. तिने ठेवणीतली रेशमी साडी नेसली होती आणि भिंतीचा आधार घेत घेत ती माझ्या तक्त्यापर्यंत आली. बराच वेळ तिने स्वतःचं चित्र पाहिलं. लाजली.

"हातांत काय दिलेंस माझ्या?"

"कोशिंबीर."

"आणि खालीं काय लिहिलें?"

"तू रोज किती खातेस ते."

तिने पुन्हा चित्राकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मी ही कधीं खाल्ली गे?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की तिला माहीत नसलेलं काहीतरी मला माहीत असेल. मी कॉलेजात शिकत होते ना. डोळ्यांपुढे आठवड्याची सात जेवणं आली, सातही जेवणांत तीनच पानं, आणि अप्पांचं ते धुतल्यासारखं पान. माझा चेहरा पाहून अम्मा घाबरली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "असूं दे. टीचरना सांगूं नको. मार्क कापतील."

मी सांगितलं. तिथल्या तिथे बाईंना सांगितलं की माझा आकडा खोटा आहे, तक्ता उतरवा. बाई म्हणाल्या, "आकडा खोटा कसा? रीत बरोबर आहे. प्रत्येक घरातल्या बाईच्या पानात कोण डोकावून बघणार?" मी म्हणाले, "मी बघायला हवं होतं. माझंच घर होतं." बाई दुसऱ्या पाहुण्यांकडे वळल्या. तक्ता प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवर होता. माझी आई तिथे हातात वाटी घेऊन हसत उभी होती आणि येणारी-जाणारी माणसं तिचे आकडे उतरवून घेत होती.

लेडी डॉक्टरांकडे मी एकटीच गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्या माझ्यावर अशा कडाडल्या की बाहेरच्या बायका आत बघायला लागल्या. "तिला खाताना पाहिलंस का तू? एकदा तरी? शिकलेली म्हणून मी तुझ्या वहीवर विश्वास ठेवला. हाडांत चुना राहिलेला नाही तिच्या, आता मला दिसतंय ते. किती महिने फुकट घालवलेस!" त्यांनी औषध लिहून दिलं आणि बजावलं, दूध, दही, सकाळचं ऊन, रोज. मी रडले नाही. रडायला आपण निर्दोष असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी अप्पांना सरळ विचारलं, "अप्पा, अम्मा कोशिंबीर कधी खाते?"

"म्हणजे? आत खात असेल. घरात कमी काय आहे? तिला कुणी नको म्हटलं?"

"वाटीत उरत नाही. तुमच्या पानावर उरत नाही. मग कुठून खाते?"

"गप बैस!" अम्मा पळी घेऊन माझ्या अंगावर धावून आली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "जेवत्या माणसास विचारतात काय असें? बापास?" आणि तिने भांडं उचलून उरलेली सगळी कोशिंबीर अप्पांच्या पानावर ओतली. अप्पा त्या ढिगाकडे बघत राहिले. मग त्यांनी ती खाल्ली. टाकणार कशी? पाप ना!

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवून उठले तेव्हा त्यांच्या पानाच्या डाव्या बाजूला अर्धी कोशिंबीर तशीच होती. बोटही न लावलेली. "खारट झाली काय?" अम्मा मला विचारायला लागली. पाचव्या दिवशीही तसंच. मग तिला उमगलं. मुलगी दाखवताना लाजावी तशी लाजली ती. "तुझ्या अप्पांनीं मजसाठी ठेवली," म्हणाली, आणि ते पान दोन्ही हातांनी उचलून आत घेऊन गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. माझा भाऊ म्हणालाही, "झालं ना तुझ्या मनासारखं?" नाही झालं! माणूस जन्मभराची सवय मोडायला तयार झाला, पाप करायला तयार झाला, पण बायकोला 'तुझं पान घे' एवढं म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. द्यायचं ते उष्टंच द्यायचं. आणि तिनेही ते प्रसादासारखं घ्यायचं. मी दोघांवरही चिडले. महिनाभर चिडूनच वावरले.

मग एका सकाळी मी चार पानं मांडली. अप्पांच्या शेजारी चौथं, कोरं, पाणी शिंपडलेलं. त्याच्या डाव्या बाजूला आधी कोशिंबीर वाढली, सायीसकट, आणि भांडं बाजूला ठेवलं. अप्पा आले, त्यांनी पानं मोजली असावीत. बसले. अम्मा ओट्यापाशी उभी होती, हातात पळी.

"हें कुणाचें?"

"तुझं," मी म्हणाले. "आज तू आमच्याबरोबर बसायचं."

तिने अप्पांकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आज हे काही बोलले नाहीत तर मी या घरात जेवणार नाही. अप्पांनी मान वर केली नाही, पण म्हणाले, "बैस."

एवढा एक शब्द. मी त्याची वाट पाहत होते. मला वाटलं, जिंकले.

अम्मा हलली नाही.

"बस ना अम्मा. अप्पा म्हणतात."

"बसत्यें कशी?" ती म्हणाली. "बसल्यें तर उठवणार कोण? तुम्ही आफीसास, तूं कालेजास."

आम्हाला कळायला वेळ लागला. मग मी विचारलं, "मग रोज अप्पांच्या पानावर कशी जेवतेस?"

तिने ओट्याकडे मान केली. पान उचलून ती तिथे न्यायची. चुलीच्या बाजूला ठेवून, उभ्यानेच जेवायची. आम्ही तिघं दहाच्या आत घराबाहेर. पाहणार कोण? रात्रीही ती आम्ही निजायला गेल्यावरच जेवायची. विळीवर ती मला का बसवत होती, माझा हात एकाएकी बारीक कसा झाला होता, ते मला त्या मिनिटाला कळलं.

"कधीपासून?" अप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"आडीपासून," अम्मा म्हणाली आणि माझ्याकडे वळून, माझी समजूत काढावी तशी पुढे म्हणाली, "तूं तराजू घेऊन फिरत होतीस नव्हे? तेव्हांपासूनच."

मी पानावरची कोशिंबीर उचलून बक्षिसाच्या त्या स्टीलच्या वाटीत भरली आणि तिच्या हातात दिली. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि आमच्यासमोर पहिल्यांदा खाऊ लागली. अगदी माझ्या तक्त्यातल्यासारखी, नऊवारीत, हातात वाटी घेऊन. अप्पा जेवले नाहीत. दोन घास खाऊन तिने विचारलं, "मीठ कमी घातलेंस काय?"